हेड गेलंय, की दुसरंच काही? डिझेल इंजिनांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आणि हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्या मधलं पातळ पान) यांविषयीची पत्रं एकत्र घेतली आहेत. गॅस्केटला बहुतेक वाचकांनी पॅकिंग म्हटलं आहे, तोच शब्द उत्तरांतही ठेवला आहे.

उत्तरांआधी एक हिशेब. १०० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरमध्ये डिझेल पेटलं की दाब सहज १०० बारच्या घरात जातो. म्हणजे हेडला खालून साधारण ८ टनांचा रेटा बसतो. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हा रेटा सेकंदाला बारा-तेरा वेळा येतो. हा दाब, त्याला लागून वाहणारं पाणी आणि वर टॅपेटकडे (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांकडे) जाणारं ऑइल, या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवायचं काम दीडेक मिलिमीटर जाडीचं पॅकिंग करतं. म्हणून लक्षण कोणतंही असो, आधी एवढंच विचारायचं: कोण कोणाच्या वाटेत शिरलंय? गॅस पाण्यात, पाणी सिलिंडरमध्ये, पाणी ऑइलमध्ये, ऑइल पाण्यात, एका सिलिंडरचा गॅस शेजारच्या सिलिंडरमध्ये, की सगळंच बाहेर? याचं उत्तर बऱ्याचदा हेड न उतरवता मिळतं. आणि पुष्कळदा ते मिळाल्यावर हेड उतरवायची गरजच उरत नाही.

प्रश्न : ४५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे. रिकामा चालवला तर काटा जागेवर असतो. उसाचे दोन ट्रेलर जोडून चढाला लागलो की काटा लाल पट्ट्यात जातो आणि रेडिएटरच्या बारीक नळीतून पाणी उडतं. रेडिएटर नवीन टाकला तरी फरक नाही. मिस्त्री म्हणतात, हेड उतरवावं लागेल. न उतरवता खात्री करता येईल का? (ट्रॅक्टरमालक, माळशिरस तालुका)

उत्तर : येईल, आणि केलीच पाहिजे. खरं तर नव्या रेडिएटरचा खर्च करण्याआधीच ती व्हायला हवी होती.

सुरुवात स्वस्तातल्या गोष्टींपासून करा. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा तसाच एखादा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या बारचा दाब झाकण आत धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभरऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग मेली किंवा रबर कडक झालं की तेच पाणी शंभरालाच उसळून बाहेर येतं आणि आळ हेडवर जातो. नवा रेडिएटर आणि जुनंच झाकण, असं झालं असेल तर आधी झाकण बदला. मग फॅनचा पट्टा पाहा: दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर १० ते १५ मिमीपेक्षा जास्त दबू नये. पुढच्या जाळीत पाचटाचा थर बसला असेल तर इंजिनाच्या बाजूनं पुढे, कमी दाबाच्या हवेनं काढा. जोरदार पाण्याचा फवारा मारला की रेडिएटरच्या बारीक पत्र्याच्या पंख्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

हे सगळं ठीक असेल तर गॅसची तपासणी करा. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरा. पाण्याचा पंप फॅनच्याच पट्ट्यावर असेल तर पट्टा उतरवा, म्हणजे पाणी हलणार नाही आणि बुडबुडे नीट दिसतील. इंजिन चालू करून हळूहळू १५०० फेऱ्यांपर्यंत न्या. पाणी फिरत नसल्यानं दीड मिनिटाच्या वर चालवू नका. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते सोडून द्या. त्यानंतरही एका लयीत बुडबुडे येत राहिले, किंवा ॲक्सिलरेटर दाबताच पाणी झपकन वर आलं, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतो आहे.

त्याहून सोपी खूण वरच्या रबरी नळीची. पट्टा आणि झाकण लावून गार इंजिन चालू करा आणि मिनिटभरानं नळी हातानं दाबा. पाणी अजून तापलेलं नाही, तेव्हा नळी मऊच लागायला हवी. ती दगडासारखी टणक झाली असेल तर आतला दाब उष्णतेचा नाही, गॅसचा आहे.

तुमच्या ट्रॅक्टरची तक्रार फक्त लोडवर येते, म्हणून उभ्यानं केलेल्या तपासणीत काहीच न दिसण्याची शक्यता आहे. पॅकिंगमधली बारीक वाट मोठ्या दाबालाच उघडते. तसं असेल तर झाकणाच्या बारीक नळीला लांब पारदर्शक नळी जोडा, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा आणि भरला ट्रेलर ओढा. इंजिन तापेपर्यंत थोडं पाणी आणि हवा येणारच. तापमान स्थिर झाल्यावरही लोड आला की बुडबुडे सुरू आणि लोड गेला की बंद, असं दिसलं तर हेड उतरवायला हरकत नाही.

कोणता सिलिंडर, हेही कळतं. जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाच्या इंजिनात, पट्टा काढून बुडबुडे पाहताना नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट एकेक करून सैल करा. ज्याचा नट सैल केल्यावर बुडबुडे थांबतात तो सिलिंडर दोषी. कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) मात्र हे कधीही करू नका. तिथे डिझेल शेकडो बार दाबानं येतं आणि कातडी भेदून हातात शिरतं.

शेवटची खात्री कॉम्प्रेशनची. नोझलच्या जागी गेज लावा. चांगल्या इंजिनात ३५० ते ४५० पीएसआयच्या दरम्यान आकडा मिळतो. नेमका किती हवा हे मॅन्युअलमध्ये पाहा, पण सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. शेजारच्या दोन सिलिंडरांचा आकडा सारखाच पडला असेल तर त्यांच्या मधली पॅकिंगची पट्टी जळाली आहे. एकाचाच पडला असेल तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा रिंग. हा फरक ओळखायला पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल ओततात. डिझेलमध्ये ते करू नका. पिस्टनच्या वरची जागा इतकी लहान असते की त्या ऑइलनंच आकडा वाढतो आणि फसगत होते. त्याऐवजी पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, नोझलच्या भोकातून ५-६ बार हवा सोडा आणि कान लावा. हवा एअर क्लीनरमधून ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून जोरानं आली तर पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग किंवा तडा. हवा सोडल्यावर पिस्टन खाली ढकलला जातो, तेव्हा गिअर टाकून, ब्रेक लावून ठेवा आणि हात पंख्यापासून लांब.

प्रश्न : थंडीत सकाळी पिकअप चालू केली की पाच मिनिटं पांढरा धूर येतो, मग जातो. पॅकिंग गेलं असेल का? (निफाड)

उत्तर : पाण्याची पातळी घटते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावरच आहे. बाटलीवर खूण करा आणि आठवडाभर रोज सकाळी, चालू करण्याआधी पाहा. खूण हलली नाही तर हेडचा विषय मिटला.

निफाडच्या थंडीत पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो. तो डोळ्यांना झोंबतो, डिझेलचा वास मारतो आणि अंगणात रेंगाळतो. वाफ लवकर विरून जाते. ग्लो प्लग (गार इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग) एकेक तपासा: वायर काढून ओममापकानं पाहिलं तर चांगला प्लग साधारण एक ओम किंवा त्याहून कमी दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. चारांतले दोन गेले तरी गाडी सुरू होते, पण अशीच धूर ओकत.

मात्र सकाळी पहिलं अर्धं मिनिट एकच सिलिंडर फटफट करत मागे राहत असेल, मग इंजिन सरळ होत असेल आणि आठवड्यात पातळीही खाली जात असेल, तर रात्री पाणी झिरपून त्या सिलिंडरमध्ये उतरतं आहे. मग वेळ घालवू नका.

प्रश्न : ऑइलची काठी काढली तर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसलं. हेड उतरवून पॅकिंग बदललं, महिन्यानं पुन्हा तेच. (ट्रकमालक, जालना)

उत्तर : ऑइलमध्ये पाणी दिसलं की पहिला हात हेडच्या बोल्टांना जातो. तुमच्या बाबतीत तोच चुकला असण्याची दाट शक्यता आहे.

आधी पाणी आहे याची खात्री करा. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरी साय असेल आणि काठीवर ऑइल स्वच्छ असेल, तर तो दमटपणा आहे. कमी अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो जमतोच. काठीवरही रंग बदलला असेल तर ऑइलचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाका. तडतडला तर पाणी आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट सावकाश सैल केला तर सुटं पाणी तळाशी असल्यानं आधी तेच बाहेर येतं. पातळी वाढली आहे पण ऑइल काळं आणि पातळ आहे, डिझेलचा वास येतो आहे, असं असेल तर फीड पंपाचा पडदा किंवा नोझलकडचा रिटर्न पाइप पाहा. हेडशी त्याचा संबंध नाही.

पाणी आहे हे ठरलं की इंजिन अजिबात चालू करू नका. अशा ऑइलवर बेअरिंग टिकत नाही. मग चेंबर उतरवा. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून पाण्यावर झाकणाइतका, म्हणजे ०.९ ते १ बार दाब द्या आणि टॉर्च घेऊन खालून पाहत बसा. घाई करू नका, पंधरा-वीस मिनिटं द्या. लायनरची खालची कड आणि ब्लॉक यांच्या मधून थेंब येत असतील तर लायनरचं ओ-रिंग गेलं. पिस्टन वर घेतल्यावर लायनरच्या आतल्या भिंतीवरच मधे कुठे ओल फुटत असेल तर लायनरला सुईएवढं भोक पडलं आहे. पाणी पिस्टनच्या वरून कडेनं ओघळत असेल, किंवा पुशरॉडच्या (व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या दांड्यांच्या) भोकांतून येत असेल, तरच हेड आणि पॅकिंग.

सुईएवढं भोक कसं पडतं, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक स्फोटाला लायनर घंटेसारखा थरथरतो. पाण्याच्या बाजूला त्यामुळे सूक्ष्म बुडबुडे बनतात आणि लगेच फुटतात. फुटताना ते लोखंडाचा कण उखडतात. एका रेषेत खड्डे पडत जातात आणि एक दिवस आरपार भोक होतं. कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरून ठेवतात, म्हणून हे रोखलं जातं. नुसत्या बोअरवेलच्या पाण्यात तसं काही नसतं, उलट क्षार जमतात. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही रेडिएटरमध्ये लोण्यासारखा थर दिसल्याचंही लिहिलं आहे. तेव्हा माझ्या मते पहिला संशय ऑइल कूलरवर घ्यावा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब ३-४ बार आणि पाण्याचा जेमतेम एक, म्हणून ऑइल पाण्यात जातं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, पाण्याचा काही वेळ राहतो, आणि पाणी ऑइलमध्ये परततं. दोन्हीकडे घाण दिसते ती यामुळे. कूलर काढून त्याच्या ऑइलच्या बाजूनं हवा सोडा आणि कोमट पाण्यात बुडवून बुडबुडे पाहा. दुरुस्तीनंतर स्वस्तातलं ऑइल भरून इंजिन लोडशिवाय दहा मिनिटं चालवा, ते काढा, फिल्टर बदला, मग नेहमीचं ऑइल भरा.

प्रश्न : विहिरीवर ५ अश्वशक्तीचं एक सिलिंडरचं इंजिन आहे. पंपाच्या डिलिव्हरीवरून बारीक पाइप काढून तेच पाणी इंजिनातून फिरवतो. दोन वर्षांत दोनदा हेड तडकलं, दोन्ही वेळा दोन व्हॉल्व्हच्या मधे. माल खराब आहे का? (शेतकरी, पारनेर तालुका)

उत्तर : मालापेक्षा पाण्याकडे पाहा. दोन व्हॉल्व्हच्या मधली पट्टी ही हेडची सर्वांत अरुंद आणि सर्वांत तापणारी जागा. एका अंगाला जळका गॅस, दुसऱ्या अंगाला ताजी हवा. तिथे तडा जातो तो बहुतेक वेळा अचानक तापून अचानक गार झाल्यानं.

तुमच्या पद्धतीत हे असं घडतं. फूट व्हॉल्व्हमध्ये (विहिरीतल्या पाइपच्या टोकाच्या झडपेत) काडी अडकते, पंप पाणी सोडतो, म्हणजे त्यातलं पाणी परत विहिरीत उतरतं. इंजिन मात्र चालूच राहतं आणि पाण्याशिवाय तापत जातं. कुणाच्या तरी लक्षात येतं, पंप पुन्हा भरला जातो आणि विहिरीचं २५ अंशांचं पाणी लाल होऊ घातलेल्या बिडाच्या हेडवर आदळतं. तडा जायला तेवढं एकदाच पुरतं.

यापुढे पंपानं पाणी सोडलं तर आधी इंजिन बंद करा आणि तासभर हात लावू नका. मग पंप भरा. इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपवर कॉक बसवा आणि बाहेर पडणारं पाणी ६० ते ७० अंशांवर राहील इतकंच पाणी सोडा. थर्मामीटर नसेल तर खूण अशी: त्या धारेखाली हात क्षणभराच्या वर धरवत नाही. पाणी गारच बाहेर पडत असेल तर तेही चांगलं नाही. गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही, लायनर झिजतो, व्हॉल्व्हवर काजळी चढते. बंद करण्याआधी लोड काढून तीन-चार मिनिटं चालू द्या.

कायमचा उपाय हवा असेल तर २०० लिटरचं पिंप इंजिनापेक्षा उंचावर ठेवा. पिंपाच्या तळातून पाइप इंजिनाच्या खालच्या तोंडाला आणि इंजिनाच्या वरच्या तोंडातून पाइप पिंपाच्या वरच्या भागात. गरम पाणी आपोआप वर चढून फिरत राहतं. वरच्या पाइपचं तोंड मात्र पाण्याखालीच राहिलं पाहिजे, पातळी उतरली की फिरणं थांबतं.

तडकलेलं हेड वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीवर बिडाचं वेल्डिंग सहसा टिकत नाही. तो पैसा नव्या हेडमध्ये घाला.

प्रश्न : आमच्या होडीच्या इंजिनाला हीट एक्स्चेंजर आहे. इंजिन सकाळी सेल्फ मारल्यावर अडकलं. नोझल काढली तर एका सिलिंडरमधून पाणी उडालं. हेड उतरवावं का? (हर्णै बंदर)

उत्तर : नोझल काढून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. पाणी दाबलं जात नाही, सेल्फ मारत राहिला असतात तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

आता ते पाणी कोणतं, हे ठरवा. चाखून पाहू नका, कूलंटचं रसायन विषारी असतं. स्टीलच्या ताटलीत चार थेंब टाकून उन्हात सुकवा. मिठाचे पांढरे खडे उरले तर ते समुद्राचं पाणी. तुमच्या इंजिनाला हीट एक्स्चेंजर आहे, म्हणजे हेडमधून गोडं पाणी फिरतं आणि समुद्राचं पाणी त्याला फक्त बाहेरून गार करतं. तेव्हा खारं पाणी सहसा पॅकिंगमधून येत नाही. ते बहुधा एक्झॉस्टमधून उलटं आलेलं आहे. जिथे समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये मिसळतं तो बाक आतून गंजला आहे का, आणि तो पाण्याच्या पातळीपेक्षा पुरेसा उंच आहे का, ते पाहा. होडी डुलताना पाणी मागून चढतं ते इथूनच. ताटलीत मीठ उरलं नाही आणि गोड्या पाण्याची टाकी घटलेली दिसली, तर मात्र हेड उतरवा.

कोणतंही पाणी असो, आजच्या आज ते बाहेर काढा. नोझल काढलेल्याच ठेवून फ्लायव्हील हातानं फिरवा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, चेंबरचं ऑइल बदला. खारं पाणी दोन दिवसांत रिंगा धरून बसतं. एक्स्चेंजरमधला जस्ताचा तुकडा अर्ध्याहून अधिक झिजला असेल तर बदला. तो झिजण्यासाठीच असतो, तो संपला की नळ्यांची पाळी येते.

प्रश्न : कॉमन रेल डिझेल कार आहे. आंबा घाटात पाणी संपलं. काटा तर मध्यावरच होता, तरी गाडी बंद पडली. ओढ्याचं पाणी ओतून आणली. आता हेड वाकलंय म्हणून सांगतात, ०.३ मिमी घासून देऊ, बोल्ट जुनेच चालतील म्हणतात. मान्य करावं का? (कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही गोष्टी आहेत तशा मान्य करू नका.

काट्याचं आधी. सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणीच गेलं की तो वाफेत किंवा कोरडा राहतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. घाटात हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली तर पाणी गेलं, असं समजून लगेच थांबावं.

तुमचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बहुधा बिडाचा. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोल्टांनी जखडलेलं असल्यानं त्याला लांब व्हायला जागा नसते, म्हणून ते मधे कमानीसारखं उठतं आणि गार झाल्यावरही तसंच राहतं. वर गार पाणी पडलं तर वाकणं आणि तडकणं दोन्ही.

आधी मोजमाप समोर करून मागा. हेडचा तळ स्वच्छ करून त्यावर सरळ पट्टी ठेवायची: दोन लांबीला, दोन रुंदीला, दोन कर्णांवर. पट्टीखाली फीलर गेजचं किती जाडीचं पान जातं ते पाहायचं. ०.०५ मिमीपर्यंत काळजी नाही. ०.१० च्या वर गेलं तर बहुतेक चार सिलिंडर इंजिनांत काम करावं लागतं. ०.३ मिमी घासणं हे फार झालं. घासल्यानं व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि कॉम्प्रेशन बदलतं. ॲल्युमिनियमची काही डिझेल हेडं घासायला कंपनीच मनाई करते. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल काय म्हणतं ते वर्कशॉपला लेखी दाखवायला सांगा.

दुसरी बाजू कोणी सांगत नाही. तळ वाकला तर कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, हेडच्या वरच्या भागातल्या दांड्याच्या) जागांची रेषाही वाकलेली असते. तळ घासून सरळ झाला तरी वरचा बाक तसाच राहतो. व्हॉल्व्ह काढून नुसता कॅमशाफ्ट जागेवर बसवा आणि बोटांनी फिरवा. अडकत असेल तर घासून उपयोग नाही. त्याचबरोबर हेडचा कडकपणा तपासून घ्या. फार तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं, बोल्टाखाली दबत जातं आणि नवं पॅकिंगही काही महिन्यांत सोडून देतं. तडा शोधायला सर्व वाटा बंद करून हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवून हवेचा दाब देतात. गार हेडवर तडा मिटलेला राहतो, म्हणून पाणी ८० अंशांच्या आसपास हवं. या तिन्ही तपासण्यांत पास झालं तरच हेड वापरा.

बोल्टांबद्दल: जे बोल्ट आधी ठरावीक टॉर्क आणि मग ९० किंवा तशा अंशांनी फिरवून कसतात, ते बहुतेक वेळा कसतानाच कायमचे ताणले जातात. ते एकदाच वापरायचे. नवे बसवण्याआधी ब्लॉकची भोकं हवेनं कोरडी करा. भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट ते दाबतो, रेंच बोल्ट कसल्याचं दाखवतं, प्रत्यक्षात पकड येत नाही, आणि कधी ब्लॉकच फुटतो. कसायचं ते मधून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं. सोडवायचं ते टोकांकडून मधे, आणि इंजिन गार असतानाच.

पॅकिंगच्या कडेला एक, दोन किंवा तीन खाचा असतात. त्या जाडीच्या खुणा आहेत. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजनं मोजून खाचा ठरतात. दुकानात जे असेल ते बसवायचं नसतं. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग साफ करायला फिरती सॅन्डर डिस्क लावू देऊ नका. ती खड्डे पाडते आणि तिची भुकटी बेअरिंगमध्ये जाते.

प्रश्न : थर्मोस्टॅट काढून टाकला तर इंजिन गार राहतं ना? रेडिएटरची गळती थांबवायला हळद चालते का? पॅकिंग बसवल्यावर ५० तासांनी हेड पुन्हा कसावं का? (एकाच पत्रातले तीन प्रश्न, अमरावती)

उत्तर : थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढू नका. अनेक इंजिनांत तो उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटरला वळसा घालून इंजिनात परतायची वाट बंद करतो. तो नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं आणि लोडवर हेड जास्त तापतं. हळद, तंबाखू, भुसा, काहीही नको. गळतीबरोबर रेडिएटरच्या नळ्या आणि हेडमधल्या बारीक वाटाही बुजतात. हेड पुन्हा कसणं जुन्या पद्धतीच्या पॅकिंगला लागतं, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच. पोलादी पानांच्या नव्या पॅकिंगला लागत नाही. मात्र हेड पुन्हा कसलं तर टॅपेटचं अंतर परत तपासावंच लागतं, कारण ते बदललेलं असतं.

प्रश्न : सहा सिलिंडरचा ट्रक. वर्षात तिसरं पॅकिंग गेलं, दर वेळी दुसऱ्या सिलिंडरशीच जळतं. पॅकिंग दर वेळी चांगल्या कंपनीचं होतं. (सोलापूर)

उत्तर : तीनदा एकाच जागी जळलं म्हणजे दोष पॅकिंगचा नाही, त्या जागेचा आहे. जळालेलं पॅकिंग टाकून देऊ नका. सिलिंडरभोवतीच्या पत्र्याच्या कड्यावर लायनरचा ठसा उमटलेला असतो. दुसऱ्या सिलिंडरचा ठसा बाकीच्यांपेक्षा पुसट असेल तर तिथे दाबच बसत नव्हता.

त्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे खाली बसलेला लायनर. ओल्या लायनरची (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं) कॉलर, म्हणजे वरची कड, ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर असावी लागते, बहुतेक इंजिनांत ०.०३ ते ०.१० मिमी, आणि शेजारच्या दोन लायनरांत ०.०५ पेक्षा जास्त फरक नसावा. कॉलरखालची ब्लॉकची जागा झिजली की लायनर खाली बसतो. नवा लायनर टाकूनही ती उंची येत नाही. ती जागा कापून सरळ करावी लागते आणि योग्य जाडीची शिम (पातळ पत्र्याची कडी) घालावी लागते. त्याचबरोबर ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी फिरवा आणि जुने बोल्ट एका ओळीत उभे करून उंची पाहा. ताणलेला बोल्ट लांब दिसतो आणि त्याची मान बारीक झालेली असते.

लायनर, ब्लॉकचा पृष्ठभाग आणि बोल्ट तिन्ही बरोबर निघाले तर त्या सिलिंडरची नोझल तपासणीच्या स्टँडवर लावा. थेंब गळणारी नोझल, पुढे सरकलेलं टायमिंग, किंवा ताकद वाढवायला डिझेल पंपाचा स्क्रू उघडून जास्त सोडलेलं डिझेल, या तिन्हींनी स्फोटाचा दाब पॅकिंगच्या सोसण्यापलीकडे जातो. पंपाचं सील तुटलेलं असेल तर पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपात नेऊन कंपनीच्या आकड्यांवर परत आणा.

या वेळी हेड बसवण्याआधी सहाही लायनरांची उंची डायल गेजनं प्रत्येकी चार ठिकाणी मोजून घ्या आणि चोवीस आकडे कागदावर लिहा. ते हातात येईपर्यंत नव्या पॅकिंगचं पाकीट फोडू देऊ नका.